काठीवरून वर चढलेला साप

मूळच्या सातारा जिल्ह्यातील, वय वर्षे ३६, गेली चार वर्षे हाँगकाँगमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहे. त्या एका मालवाहतूक कंपनीच्या कागदपत्र विभागात काम करतात. जहाजावर चढणाऱ्या कंटेनरांची बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मालाच्या जहाजी पावत्या, त्यांच्या नजरेखालून जातात आणि विभागातील दोन जागा वर्षभर रिकाम्या असल्यामुळे त्यांना रोज रात्री आठ-साडेआठपर्यंत बसावे लागते. मध्यंतरी एका बैठकीत वरिष्ठांनी त्यांच्या कामाचे सर्वांसमोर कौतुक केले आणि बोलण्याच्या ओघात, ‘काही मदत लागली तर निःसंकोच सांगा,’ असे म्हटले. आमच्या वाचक भगिनींनी तेथल्या तेथे सांगितले की, दोन माणसे हवी आहेत, त्यांपैकी एक शेजारच्या विभागातला अनुभवी मुलगा मिळाला तर फारच उत्तम, आणि शुक्रवारी घरून काम करण्याची मुभाही मिळावी. वरिष्ठ क्षणभर थांबले, हसले आणि हो म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या विभागाच्या प्रमुख असलेल्या, वयाने मोठ्या स्थानिक बाई कँटनीजमध्ये एक वाक्य बोलल्या आणि खोलीत हशा पिकला. याच बाई वर्षभर दुपारच्या जेवणाच्या वेळी आमच्या वाचक भगिनींना चार-चार शब्द करून कँटनीज शिकवत होत्या, त्यामुळे शब्द कानांनी टिपले गेले. घरी जाऊन भाषांतराच्या ॲपमध्ये टाकले, तर ‘सापाला मारा, काठीच्या मागे वर’ असे काहीतरी आले. बीजिंगहून आलेल्या एका परिचितांना विचारले, तर ते म्हणाले, ‘संधिसाधू माणसाला असे म्हणतात.’ त्यानंतर तीन आठवडे या दोघींनी एकत्र जेवण घेतलेले नाही. मनुष्यबळ विभागाकडे तक्रार करावी का, असे पत्रात विचारले आहे. शेवटी लिहिले आहे: ‘आपल्या तोंडाने मागणे म्हणजे हात पसरणे, असे आईने लहानपणापासून शिकवले. मदत मागायची हे कित्येक महिन्यांपासून मनात होते, पण धीर होत नव्हता. ज्या दिवशी धीर केला, त्याच दिवशी मला साप म्हटले गेले. मी खरेच तशी आहे का?’

प्रिय मैत्रिणी,

तुम्ही ते वाक्य जसे ऐकले तसे, पाचही अक्षरांसह, लिहून पाठवले याबद्दल तुमचे आभार. मन दुखावले की माणसाच्या लक्षात घाव राहतो आणि शब्द निसटून जातात. तुम्ही शब्द जपून ठेवलेत, म्हणून सल्ल्याकडे वळण्याआधी आपल्याला त्यांच्याकडे नीट पाहता येईल. मी स्वतः त्या शहरात नऊ वर्षे काढली आहेत आणि हे वाक्य माझ्याही वाट्याला आलेले आहे.

‘ता से छोय क्वन सॉंग.’ देवनागरीत हे ढोबळच उतरते. त्यातला छ हा ‘चमचा’तल्या चकाराच्या जातीचा आहे आणि शेवटच्या शब्दातल्या स्वरासाठी ओठांचा जो गोल करावा लागतो, तो आपल्या कोणत्याच स्वरासाठी करावा लागत नाही. ‘ता’ म्हणजे मारणे, ‘से’ म्हणजे साप, ‘छोय’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या मागोमाग किंवा तिच्या अनुषंगाने, ‘क्वन’ म्हणजे काठी आणि ‘सॉंग’ म्हणजे वर चढणे. काठी घेऊन साप मारायला जावे आणि सापाने पळून जाण्याऐवजी त्याच काठीला विळखा घालून मारणाऱ्याच्या हाताकडे सरकत यावे, असे हे चित्र आहे.

हे मी लहानपणी फार जवळून पाहिले आहे. कोकणात आमच्या आजोळी पावसाळ्यात विहिरीच्या काठावर दिवड निघत असे. आजोबा तिला मारत नसत. काठीवर उचलून पाणंदीपलीकडच्या शेतात सोडत असत. काठीचे टोक पोटाखाली गेले की ती आधी दोन्ही बाजूंनी लोंबकळायची, मग शेपटीकडचा फास काठीभोवती घट्ट बसायचा आणि पुढचा भाग काठी चाचपत वर सरकू लागायचा. आजोबा काठी सारखी फिरवत राहायचे, हात मागे मागे घ्यायचे, तरी तिचे तोंड आणि त्यांचा अंगठा यांच्यात कधी कधी वीतभरच अंतर उरायचे. आम्ही मुले किंचाळायचो. आजोबा म्हणायचे, ‘अरे, तिच्याखाली जमीन नाही. जे हाताशी आहे ते धरून ती वर येते आहे.’ ही कँटनीज म्हण पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला त्या काठीची आठवण झाली. तुम्हीही तिच्याकडे त्या काठीच्या अंगाने पाहून बघा, असे मला सुचवायचे आहे.

हाँगकाँगमध्ये ही म्हण कधी वापरतात? शेजारीण सौजन्य म्हणून म्हणते, ‘कधीतरी जेवायला या,’ आणि समोरचा लगेच म्हणतो, ‘आज संध्याकाळी मी मोकळाच आहे.’ विक्रेता म्हणतो, ‘तुमच्यासाठी थोडे कमी करतो,’ आणि गिऱ्हाईक म्हणते, ‘मग वर एक पिशवीही द्या.’ काठी म्हणजे दुसऱ्याने, बहुतेक वेळा सहज, पुढे केलेला शब्द. चढणे म्हणजे तो शब्द हवेत विरण्याआधी धरून त्याच्या आधाराने आणखी पुढे जाणे. म्हणीत कपट, विश्वासघात, खोटेपणा यांतले काही अपरिहार्यपणे येत नाही. तिच्यात वेग आहे, हजरजबाबीपणा आहे आणि ज्याने काठी पुढे केली त्याची झालेली पंचाईत आहे. तुमचे वरिष्ठ क्षणभर थांबले आणि मग हसले, असे तुम्ही लिहिले आहे. त्या थांबण्यातच ही म्हण आहे.

आता ‘संधिसाधू’ या शब्दाविषयी, कारण माझ्या मते खरा घाव त्या मराठी शब्दाने घातला आहे. आपल्याच भाषेत पाहा: ‘त्याने नेमकी संधी साधली’ हे कौतुक आहे आणि ‘तो संधिसाधू आहे’ ही जवळजवळ शिवी आहे. धातू तोच, संधीही तीच. पहिल्या वाक्यात एका क्षणाचे वर्णन आहे आणि दुसऱ्यात माणसाच्या स्वभावावर शिक्का आहे. ‘संधिसाधू’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणारे पुढारी येतात. हाँगकाँगची म्हण क्षणाविषयी बोलते. तुमच्या परिचितांनी तिला जवळचा म्हणून जो शब्द दिला तो स्वभावाविषयी बोलतो. शिवाय ते बीजिंगचे. ही म्हण दक्षिणेतली, कँटनीज बोलणाऱ्यांच्या रोजच्या तोंडातली. लिपी एक असल्यामुळे बीजिंगच्या माणसाला शब्द वाचता येतात, परंतु ती म्हण हसत कधी म्हणतात आणि दात-ओठ खाऊन कधी म्हणतात, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. मालवणी म्हणीचा अर्थ लखनौच्या सद्गृहस्थांना विचारावा, तसे ते झाले. त्यांनी हेतुतः चुकीचे सांगितले असे मी म्हणत नाही; त्यांच्यापाशी जो शब्द होता तो त्यांनी दिला.

आपल्याकडे या म्हणीला जवळचे काय आहे, याचा मी पुष्कळ विचार केला. ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ ही जवळची वाटते, परंतु तिच्यात यजमानाची तक्रार आहे आणि पाहुण्याचा कोडगेपणा गृहीत धरलेला आहे. ‘बोट दिले तर मनगट धरतो’ यातही कुरकुर आहे. ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ म्हणताना दुसऱ्याच्या खटाटोपाचा आयता फायदा मनात असतो. याउलट ‘पडत्या फळाची आज्ञा’ ही किती प्रसन्न गोष्ट आहे! मनातून हवेच होते, कोणीतरी निमित्त दिले आणि आपण लगेच ते आज्ञा म्हणून स्वीकारले. हाँगकाँगची म्हण ओसरी आणि पडते फळ यांच्या मधल्या पट्ट्यात कुठेतरी राहते, आणि त्या दिवशी ती कोणत्या टोकाला होती हे बोलणाऱ्याच्या सुरावर ठरते.

सापाविषयीही थोडे सांगते. मराठी मनात साप शिरला की तो अस्तनीत शिरतो, किंवा दूध पिऊन उलटतो. नागपंचमीला आपण त्याची पूजा करतो, परंतु माणसाला साप म्हणताना आपल्याला पंचमी आठवत नाही. कँटनीजमध्ये सापाचा संसार निराळा आहे. तेथे ‘सापांचा राजा’ म्हणजे कामचुकार माणूस. तुमच्या कार्यालयातही कोणीतरी कोणाला तसे म्हणताना तुम्ही ऐकले असेल. रांग फार लांबून वळणे घेऊ लागली की ती ‘सापाची चकती’ होते. ‘सापाचे डोके’ म्हणजे माणसांची चोरटी ने-आण करणारा, आणि तो शब्द खरोखर वाईट आहे. शरदाचा वारा सुटला की साप पुष्ट होतात असे म्हणत लोक सापाचे सूप प्यायला जातात. जुन्या दुकानांत भिंतभर लाकडी खण असत आणि त्यांत जिवंत साप ठेवलेले असत. ज्या समाजात साप ताटात येतो, रांगेत दिसतो आणि आळशी सहकाऱ्याच्या रूपाने शेजारच्या खुर्चीत बसतो, तेथे म्हणीतला साप ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणत नाही. ‘बुद्धाचे तोंड, सापाचे हृदय’ अशी म्हणही त्यांच्याकडे आहे, म्हणजे सापाला वाईट बाजू नाही असे नव्हे. पण तुम्हाला ती म्हण लावलेली नाही. शब्द गाव बदलतो तेव्हा त्याचा दर्जाही बदलतो. तुमच्या शहरात वाहनतळावर पैसे भरण्याच्या खिडकीवर ‘श्रॉफ’ लिहिलेले असते ना? तो आपला सराफ आहे. साताऱ्यातल्या सराफकट्ट्याचा मान त्या खिडकीत शोधू नये, तसाच अस्तनीतला साप या काठीवर शोधू नये.

आणि अपमानच करायचा असता तर त्या बाईंना त्यांच्या भाषेत शब्दांचा तोटा नव्हता. वारा येईल तिकडे झुकणाऱ्या माणसाला ते भिंतीवरचे गवत म्हणतात. हाती सत्ता आली की तिचा शेवटच्या थेंबापर्यंत वापर करणाऱ्याला, वारा आहे तोवर शीड पुरेपूर ताणणारा म्हणतात. पूल ओलांडला की फळी काढून घेणारा हा त्यांचा कृतघ्न माणूस, आणि ज्या वाडग्यात खाल्ले तोच वाडगा पालथा करणारा त्याहून वाईट. लागलेल्या आगीचा फायदा घेऊन लुटणे ही तर ‘छत्तीस युक्त्या’ या जुन्या चिनी डावपेचांच्या संग्रहातली पाचवी युक्ती आहे आणि चिनी भाषा बोलणाऱ्या कोणालाही ती ठाऊक असते. एवढे सगळे भाते भरून असताना त्यांनी काठीवर चढणारा साप निवडला. यावरून त्यांच्या मनाचा ठाव पूर्णपणे लागतो असे मी म्हणणार नाही, पण काहीसा नक्की लागतो.

ते वाक्य कँटनीजमध्ये बोलले गेले म्हणजे तुमच्यापासून लपवून बोलले गेले, असे तुमच्या पत्रातून जाणवते. येथे थोडे थांबा. २०२१ च्या जनगणनेनुसार हाँगकाँगमधले सुमारे ८८ टक्के लोक घरीदारी कँटनीजच बोलतात. कार्यालयात ईमेल इंग्रजीत जातात, बैठकीचे इतिवृत्तही इंग्रजीत लिहिले जाते, परंतु हसू आणि वैताग आपोआप कँटनीजमध्ये बाहेर पडतात, जसे मुंबईच्या कार्यालयात इंग्रजी सादरीकरण चालू असताना कोणाच्या तरी तोंडून ‘झालं का सुरू!’ निघते. शिवाय ज्या बाईंनी तुम्हाला वर्षभर शब्द शिकवले, त्यांना तुम्हाला शब्द कळतात हे इतर कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. कदाचित तुम्हाला कळेल म्हणूनच त्या तसे म्हणाल्या असतील.

सुराचे एक अंग मात्र तुमच्या पत्रात आलेले नाही. कँटनीज वाक्याच्या शेवटी एक लहानसे अक्षर येते, ‘आ’, ‘वो’, ‘का’, ‘ला’ असे, आणि बोलणाऱ्याची सगळी वृत्ती त्या अक्षरात असते. ‘चतुर आहेस हो!’ आणि ‘चतुर आहेस!’ यांच्यात जो फरक आपला ‘हो’ करतो, तसा फरक ही अक्षरे करतात. कोणतेही ॲप हे अक्षर धडपणे भाषांतरित करत नाही. त्या दिवशी वाक्याच्या शेपटाला काय होते, हे आठवले तर पाहा. आठवले नाही तरी हरकत नाही, कारण ते विचारता येईल.

इथपर्यंत मी तुमच्या मनातले शल्य हलके करण्याचा प्रयत्न केला. आता एक गोष्ट अशी सांगायची आहे की जिने ते क्षणभर वाढेल. तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे की, मागितलेल्या दोघांपैकी एक मुलगा शेजारच्या विभागातला होता. शेजारचा विभाग म्हणजे त्याच बाईंचा. संपूर्ण पत्रात या गोष्टीवर तुम्ही दुसरे वाक्य लिहिलेले नाही. त्या बैठकीत तुमच्या वरिष्ठांच्या हातात काठी होती आणि तुम्ही वर चढलात हे खरे. परंतु तिसरे एक माणूस तेथे बसलेले होते आणि त्याच्या घरातले एक भांडे चारचौघांत, न विचारता, दुसऱ्याच्या घरी जाणार असे ठरले होते. बाईंचे वाक्य निव्वळ थट्टेचे असेल, तरी त्या थट्टेला धार असण्याचे कारण त्यांच्यापाशी होते. त्यांनी ती धार हशात बुडवली. तुम्हाला जे लागले ते कदाचित तीच धार असेल, साप नसेल.

याचा अर्थ तुम्ही मदत मागितली हे चुकले, असा कृपा करून घेऊ नका. दोन जागा वर्षभर रिकाम्या आहेत, तुम्ही रोज रात्री उशिरापर्यंत बसता, हे वरिष्ठांना सांगणे हा तुमच्या कामाचाच भाग होता आणि तो तुम्ही खरे तर उशिरा केलात. तुमच्या आईंच्या शिकवणीबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या घरांत कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून माणसांनी जिवाचे रान केले, त्या घरांतल्या आया असेच शिकवतात, आणि त्यांनी तसे शिकवले म्हणून आपण ताठ उभ्या राहिलो. पण ती शिकवण उसनवारीसाठी होती, सावकाराच्या दारासाठी होती. पगारी नोकरीत कामाला लागणारी माणसे मागणे हे त्या दारावर जाणे नव्हे. आणि मूल रडल्याशिवाय आईदेखील दूध पाजत नाही, हेही आपल्याच आयांनी म्हणून ठेवले आहे. तुम्ही कित्येक महिने गप्प राहिलात, म्हणून मागणी साठत गेली. आणि फट दिसताच सगळी एकदम बाहेर आली: दोन माणसे, त्यांतला अमुक मुलगा आणि वर शुक्रवार. हीच मागणी चार महिन्यांत तीन वेळा, वेगवेगळी, ज्याच्या त्याच्याशी आधी बोलून आली असती, तर कोणाला काठी आठवली नसती. तुमचा स्वभाव मला एका पत्रावरून ठरवता येणार नाही, पण जे पत्रात दिसते ते संधीसाठी टपून बसलेल्या माणसाचे चित्र नाही. खूप दिवस दम धरलेल्या माणसाचे आहे.

आता काय करावे?

तक्रारीचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. तुमच्याबद्दल, तुमच्या रंगाबद्दल, जेवणाच्या वासाबद्दल, बोलण्याच्या ढंगाबद्दल वारंवार काही बोलले जात असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी. तेव्हा दिवस, वेळ, शब्द, हजर असलेली माणसे यांची नोंद ठेवावी आणि मागे हटू नये. हाँगकाँगमध्ये वंशभेदविरोधी कायदा २००८ मध्ये संमत झाला, २००९ पासून तो पूर्णपणे लागू आहे, आणि समान संधी आयोगाकडे घटनेपासून १२ महिन्यांच्या आत तक्रार नेता येते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कोणाला त्याची गरज असू शकेल. परंतु या वाक्यात तुमच्या वंशाविषयी किंवा देशाविषयी काहीही नाही; तेथल्याच एखाद्या बाईने तुमच्यासारखी मागणी केली असती तरी हेच वाक्य आले असते. अशा वाक्यावर औपचारिक तक्रार करणे म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे होईल, आणि त्यात वर्षभर जोडलेला जिव्हाळा चेंगरून जाईल.

काहीच न करणे हा दुसरा मार्ग, आणि तीन आठवडे तुम्ही त्याच मार्गावर आहात. त्याचे काय होते हे तुम्ही अनुभवतच आहात: त्या बाईंना तुमच्या अबोल्याचे कारण ठाऊक नाही, म्हणून त्या स्वतःचे एक कारण शोधत असतील, आणि बहुधा ते असे असेल की काम झाले, माणूस मिळाला, आता ही जेवायलाही येत नाही. पूल ओलांडून फळी काढणाऱ्याची जी म्हण वर सांगितली, ती आपल्याला लागू होण्याची वेळ तुम्ही स्वतःच जवळ आणत आहात. म्हणून हे लवकर मिटवावे असे मला कळकळीने वाटते.

थेट त्यांच्याशी बोला. मोबाइलवर संदेश पाठवू नका, कारण लिहिलेल्या वाक्याला सूर नसतो आणि येथे सगळा प्रश्न सुराचाच आहे. कार्यालयातही नको. तुम्ही दोघी जेथे जेवायला जात होता, तेथेच दुपारची गर्दी ओसरल्यावर, दोनच्या सुमाराला बसा. सुरुवात माफीने करा, आणि ती माफी नेमकी असू द्या: ‘त्या मुलाचे नाव मी तुम्हाला आधी न विचारता बैठकीत घेतले, ते माझे चुकले.’ मदत मागितल्याबद्दल माफी मागू नका. तशी मागितलीत तर खोटी ठरेल आणि त्यांनाही ती समजेल. त्या काय म्हणतात ते ऐका. कदाचित त्या म्हणतील, मी तर ते केव्हाच विसरले. कदाचित म्हणतील, हो, मला राग आला होता. दोन्ही उत्तरे तुमच्या तीन आठवड्यांच्या तर्कांपेक्षा चांगली आहेत. मग म्हणा, ‘त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते मी घरी जाऊन शोधले, आणि ॲपने मला साप करून टाकले. तुम्हीच समजावून सांगा.’ शिकवणाऱ्या माणसाला शिकवायला सांगणे याहून सरळ वाट मला दिसत नाही.

त्या मुलाचा प्रश्न मात्र गोड बोलून सुटणार नाही. तो तुमच्याकडे आला तर त्यांचे काम कोण करणार, हे दोघींनी मिळून वरिष्ठांपुढे मांडा. शक्य असेल तर त्याला पूर्ण न घेता काही महिने निम्मा वेळ मागा, किंवा नवी भरती होईपर्यंतची मुदत ठरवा. शुक्रवारची मुभा या सगळ्यापासून वेगळी काढा आणि स्वतंत्र पत्राने, कारणासह मागा.

परक्या भाषेतल्या वाक्याने दुखावलेली माणसे मला बरेचदा लिहितात; कोणी बंगळूरुहून, कोणी जपानहून, एक भगिनी तर लग्न होऊन तमिळ घरात गेलेल्या होत्या. त्या सर्वांना मी सांगत आले आहे की, वाक्याचा अर्थ विचारताना वाक्याबरोबर प्रसंगही सांगावा: आधी काय बोलणे झाले होते, कोण हसले, बोलणाऱ्याने तुमच्याकडे पाहिले की नजर चुकवली. त्याच गावच्या, त्याच बोलीच्या दोन माणसांना वेगवेगळे विचारावे, आणि अर्थ विचारण्याऐवजी असे विचारावे की, ‘तुम्ही हे तुमच्या आईला म्हणाल का? साहेबांना म्हणाल का? स्वतःबद्दल म्हणाल का?’ म्हणीची खरी जागा या तीन उत्तरांत सापडते. कँटनीजसाठी ॲपपेक्षा ‘वर्ड्स डॉट एचके’ हा स्वयंसेवकांनी उभारलेला ऑनलाइन शब्दकोश पुष्कळ बरा आहे, कारण त्यात शब्दासोबत वापराची वाक्ये असतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच म्हणीच्या बाबतीत मी देऊ शकते. हाँगकाँगची माणसे ती स्वतःबद्दल हसत म्हणतात. मला आठवते, एकदा घरमालकीण बाईंनी चहाला बोलावले आणि म्हणाल्या, ‘तुझा भाडेकरार संपतोय, काही अडचण असेल तर सांग.’ मी भीत भीत गळका नळ सांगितला, मग खिडकीची कडी सांगितली, मग रंग. त्यांनी ही म्हण माझ्या तोंडावर टाकली, मला चहा ओतला आणि दुसऱ्या दिवशी नळवाला पाठवला. रंगाचे पुढे काही झाले नाही. पुढच्या करारावेळी मीच आधी म्हणाले, ‘आता मी काठीवरून चढते हं,’ आणि त्या इतक्या हसल्या की रंगही झाला.

तेव्हा जेवण झाल्यावर, मन मोकळे झाल्यावर, ते वाक्य त्यांच्याकडून पुन्हा घोकून घ्या. शेवटच्या ‘सॉंग’कडे विशेष लक्ष द्या. कँटनीजमध्ये सहा सूर आहेत आणि या शब्दाला त्यातला खालून किंचित वर जाणारा सूर लागतो. तो सपाट खाली राहिला, तर ‘वर चढणे’ न होता नुसते ‘वरचा’ असे होते. माझे ते कित्येक महिने चुकत होते आणि घरमालकीण बाई दर वेळी हनुवटी वर उचलून मला सूर दाखवत असत.